जुनी गाडी घेताना : चाकाचा आवाज ऐकायचा कसा



काजूचा हंगाम संपत आला की गटागटांत एकच हिशेब निघतो. टेम्पोच्या भाड्यात किती गेले? कोकम, कुळथाचं पीठ, मसाला, आंबापोळी, सगळं आपल्या हातचं. पण ते बाजारापर्यंत न्यायला गाडी दुसऱ्याची. मग कोणीतरी बैठकीत म्हणतंच, “आपणच एखादी जुनी गाडी घेऊ या ना!” आणि जुनी गाडी म्हटली की आपल्याकडे ती बहुतेक वेळा मुंबईहून येते. कोणाचा दीर, कोणाचा मामेभाऊ लोअर परळला, ना. म. जोशी मार्गावर राहतो. जुनी माणसं त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. त्याच्या ओळखीत एक ईको असते, नाहीतर वॅगनआर असते. “एकच मालक, कमी चाललेली, चकाचक.”

अशी गाडी वाईटच असते असं अजिबात नाही. पण ती गटाच्या पैशांतून येणार असते. दहा-बारा बायकांनी महिन्यामहिन्याला टाकलेली बचत, वर अंतर्गत कर्ज. त्यामुळे चकाचक रंग बघून “हो” म्हणायच्या आधी गाडी ऐकायला शिकायला हवं. इंजिनाचं मी इथे सांगत नाही, ते सगळेच बघतात. बॉनेट उघडून चार पुरुष गोल करून उभे राहतात. चाकांकडे आणि चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. आणि घाटात आपला जीव त्यांच्यावरच असतो.

आवाज ओळखणं हे काही आपल्याला नवीन नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला तर दळण टाकायला गेलेली बाई बाहेरूनच सांगते. मिक्सरचा बुश गेला की त्याची घरघर बदलते, ती आपल्याच कानाला आधी कळते. मडकं घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर ठेवून देतो.

रेल्वेने हेच वर्षानुवर्षं केलं. लोअर परळला पश्चिम रेल्वेचा डबे दुरुस्त करायचा मोठा कारखाना आहे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर आले, पण हा कारखाना आहे. पूर्वी मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचा. चाक खणखणलं तर बरं, बद्द वाजलं तर तडा असण्याची शंका. चाकाजवळच्या आसाच्या पेट्या जास्त तापल्या आहेत का, तेही बघितलं जायचं. कान आणि हात, एवढ्यावर पहिली परीक्षा व्हायची. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. फक्त मोटारीचं चाक ठोकून काही कळत नाही. ते चालवून ऐकावं लागतं.

मुंबईची गाडी गप्प का असते

लोअर परळच्या रस्त्यावर, सेनापती बापट मार्गावर म्हणा किंवा स्टेशनबाहेर, गाडी मुंगीच्या पावलाने चालते. वीसच्या वर काटा जातो कुठे? आणि चाकाच्या बेअरिंगचा आवाज नीट कळायला बऱ्याचदा चाळीस-पन्नासचा वेग लागतो. म्हणजे गाडी देणारा तुम्हाला गल्लीतून एक चक्कर मारून आणेल, वर एसी आणि गाणी लावेल आणि तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही. तो खोटं बोलतो असंही नाही. त्याने स्वतःच तो आवाज कधी ऐकलेला नसेल. तीच गाडी आपण गावाकडे आणली, माल भरला आणि कुंभार्ली घाटाला लावली की बोलायला लागते.

दुसरं कारण पाणी. हिंदमाता, परळ, लोअर परळ या भागांत पावसाळ्यात पाणी तुंबतं हे आपण दरवर्षी बातम्यांत बघतो. अशा पाण्यात गाडी अर्धं चाक बुडेपर्यंत उभी राहिली तर बेअरिंगमध्ये आणि मागच्या क्राऊनच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरू शकतं. ग्रीस आणि ऑइल खराब होतं, गंज धरतो आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते. म्हणून गाडी बघताना सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्यावर पाण्याची रेघ किंवा वाळलेला गाळ दिसला, पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास आला, तर चाकांची परीक्षा दुप्पट काळजीने घ्या.

तिसरं कारण उभी राहिलेली गाडी. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, टॉवरच्या पार्किंगमध्ये जागेची मारामार आहे, गाडी चार-सहा महिने एका कोपऱ्यात पडून राहते. ‘कमी चाललेली’ हा शब्द ऐकून आपण खूष होतो. पण पडून राहिलेल्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, हँडब्रेक अडकतो. कमी चाललेली आणि नीट ठेवलेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा पहिली अट घाला : गाडी मोकळ्या रस्त्यावर किमान अर्धा तास चालवून बघणार. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. प्रवासी गाडी असेल तर लोअर परळहून वरळी जवळ आहे आणि तिथून कोस्टल रोड लागतो. तो मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मोकळ्या भागात तिथे ८० ची आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे. बोगदा तर आपल्या कामाला फारच बरा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून चाकांचा आवाज परत आपल्या कानावर येतो. बाहेर जे ऐकू येत नाही ते तिथे येतं. मालाची गाडी मात्र तिकडे नेऊ नका, दुसरा मोकळा रस्ता बघा. गाडी तुमच्यातली लायसन्सवाली किंवा ओळखीचा ड्रायव्हर चालवेल. ऐकायचं काम दुसरीने करायचं. एक पुढे, एक मागच्या सीटवर. चालवणाऱ्याला सगळं ऐकू येत नाही.

आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो

घरघर, घुमघुम, खडखड, टकटक. आवाजाचं वर्णन प्रत्येकीचं वेगळं असणार. एकीची घुमघुम ती दुसरीची गुणगुण. त्यावर वाद घालत बसू नका. मेकॅनिकला त्याहून उपयोगी गोष्ट असते ती म्हणजे आवाज कधी येतो, कधी वाढतो आणि कधी थांबतो.

पहिला प्रश्न असा : हा आवाज इंजिनाच्या फिरण्याबरोबर आहे की चाकांच्या? गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस वाढवा. तोच आवाज आला तर तो चाकांचा नाही. इंजिन, सायलेन्सर, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे बघावं लागेल. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालताना आहे, तर पुढची पायरी. सपाट, रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास गाडी न्यूट्रल करून तशीच घरंगळू द्या. इंजिनाचा आवाज खाली बसतो. आपला आवाज तसाच राहिला आणि गाडी हळू होईल तसा मंदावत गेला, तर तो फिरणाऱ्या चाकांबरोबरचा आहे : टायर, बेअरिंग, ब्रेक, शाफ्ट किंवा क्राऊन. ही परीक्षा उतारावर किंवा घाटात कधीही करायची नाही आणि चावी बंद करून तर नाहीच. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कडक होतो आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारा आवाज घेऊ. वेगाबरोबर वाढत जाणारी घुमघुम. लांबून जातं फिरावं तशी. हा टायरचा असू शकतो आणि बेअरिंगचाही. गाडी विकणारा हमखास सांगतो, “ताई, टायरचा आवाज आहे, नवीन टायर टाकले की जाईल.” कधी कधी ते खरंच असतं. पण ते त्याच्या तोंडून मान्य करायचं नाही, तपासून बघायचं.

एसटीने घाटातून जाताना गाडी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो, आठवतं? गाडीचं वजनही तसंच कलंडतं. म्हणून मोकळ्या रस्त्यावर, आजूबाजूला कोणी नसताना, पन्नासच्या आत गाडी सावकाश थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे घ्या. झटके नाहीत, लाट आल्यासारखी. डावीकडे वळताना घुमघुम वाढली तर वजन उजव्या बाजूवर पडलेलं आहे, म्हणजे शंका उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या. वळणाने काहीच फरक पडत नाही, पण डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की आवाज एकदम बदलतो, तर तो टायरचा असण्याची शक्यता जास्त.

मग गाडी थांबवून टायरवर तळहात फिरवा, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. तार निघालेली नाही ना ते आधी बघून घ्या. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, किंवा ठिकठिकाणी खळगे लागले, तर टायर वाकडा झिजला आहे. तो का झिजला हाही प्रश्न उरतोच. अलाइनमेंट बिघडलं असेल, शॉकअप गेला असेल. नुसता टायर बदलला तर नवीनही तसाच झिजेल. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र छापलेले असतात, तेही वाचा. २३१९ असं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसते पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, असं पडून राहिलेल्या गाडीत पुष्कळदा निघतं. असा टायर बाजूने भेगाळलेला असतो. पायाच्या टाचेला भेगा पडतात तसा.

अजून खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून त्याच रस्त्याने चक्कर मारायची. घुमघुम पुढून मागे गेली तर टायर. जागची हलली नाही तर बेअरिंग.

बेअरिंगची हाताने करायची परीक्षा गॅरेजमध्येच करून घ्या. गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावलेले, जॅकच्या जोडीला स्टँड. त्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, मेकॅनिकच्या पोरालाही घालू देऊ नका. चाक उचललं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन हात धरून ते आत-बाहेर हलवायचं. टकटक लागलं, चाक डुललं, तर बेअरिंग ढिलं असेल किंवा खालचा बॉल जॉइंट. तीन आणि नऊच्या जागी धरून हललं तर स्टिअरिंगचे सांधेही तपासायचे. मग चाक हाताने फिरवून एक हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला कळते. कानाला येत नाही, पण हाताला येते. मला स्वतःला ही सगळ्यात भरवशाची परीक्षा वाटते, कारण त्यात कोणाचं मत मध्ये येत नाही.

बैलगाडीच्या जमान्यात चाक कुरकुरलं की तुंब्यात वंगण घालून पुढे जाता यायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांची बेअरिंग बंद डब्यासारखी असतात. त्यात बाहेरून ग्रीस भरून काही होत नाही. “ग्रीसिंग करून देतो” असं कोणी म्हटलं तर विचारा, या गाडीच्या बेअरिंगला ग्रीस भरायची सोय आहे का? नसेल तर ते बदलावंच लागतं.

टकटक आणि टंग

इथे आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. सगळ्या गाड्यांत ताकद एकाच चाकांना जात नाही. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांत ती पुढच्या चाकांना जाते. ओम्नी, ईको, टाटा एस, बोलेरो यांत मागच्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या आठवत असतील. त्यांतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यांचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असायची, म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब नळीसारखा शाफ्ट मागे गेलेला असायचा. ईको किंवा टाटा एसच्या खाली वाकून बघितलंत तर तसाच शाफ्ट दिसेल. कुठली गाडी बघतोय त्याप्रमाणे कान कुठे लावायचा ते ठरतं.

पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू, पण जरा रेस देऊन गोल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. टक-टक-टक असा ठेक्यात आवाज आला आणि सरळ केल्यावर थांबला, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला आहे. गॅरेजवाले त्याला नुसतं ‘एक्सल वाजतोय’ असंही म्हणतात. कुठल्या बाजूला वळवल्यावर आवाज आला ते लिहून ठेवा. मग चाकाच्या मागे टॉर्च मारा. जॉइंटवर रबराचा घडीघडीचा बूट असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. तो फाटलेला असेल तर ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे पडलेले दिसतात. बूट फाटलाय पण टकटक अजून नाही, अशा वेळी नवा बूट आणि नवं ग्रीस घालून जॉइंट वाचू शकतो. धूळ-पाणी जाऊन टकटक सुरू झाली की मग जॉइंट किंवा पूर्ण एक्सल. खर्चात बराच फरक पडतो, म्हणून बूट बघायला विसरू नका.

मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत ‘टंग’ ऐका. गाडी थांबवून पहिला गिअर टाका, क्लच सोडताना. मग रिव्हर्स टाका, पुन्हा सोडताना. पोटाखालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा टंग आला तर शाफ्टचा क्रॉस झिजला असेल किंवा क्राऊनमध्ये जास्त फट पडली असेल. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव, वेगाबरोबर भरभर होत जाणारी, ही सुद्धा कोरड्या पडलेल्या क्रॉसची खूण. क्रॉस बदलणं हे त्यातल्या त्यात साधं काम आहे. पण तो तसाच चालवत राहिलं आणि चालत्या गाडीत तुटला, तर शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटतो. भरलेल्या गाडीत हा प्रसंग कोणावर येऊ नये.

क्राऊनचा आवाज वेगळा असतो. ऊंऽऽ असा सूर लागतो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर, सोडल्यावर दुसरा, किंवा सोडल्यावर एकदम बंद. टायर आणि बेअरिंग सहसा असं करत नाहीत. त्यांना तुम्ही रेस देता की सोडता याच्याशी फारसं घेणं नसतं. लोअर परळमध्ये हे तपासायला डिलाईल पूल आहेच. जुना पूल जुलै २०१८ मध्ये बंद केला आणि नवा पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. गर्दी कमी असेल अशा सकाळी पुलावर चढताना एक कान आणि उतरताना एक कान. चढताना भार असतो, उतरताना सुटतो.

क्राऊन आणि गिअरबॉक्सचा आवाज जाड ऑइल टाकून काही काळ दाबता येतो. ऑइल गार असताना जाड राहतं, तापलं की पातळ होतं आणि आवाज पुन्हा येतो. अर्ध्या तासाची अट मी उगीच घातली नाही. परत आल्यावर मेकॅनिकला क्राऊनचं ऑइल थोडं काढून दाखवायला सांगा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. चमचमती कणी जास्त दिसली तर दात झिजताहेत. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी मी गटाला घ्या म्हणून सांगणार नाही.

क्लचचं थोडक्यात. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी तिथेच जाते.

घाबरू नये असे आवाज

सगळेच आवाज काही मोठे नसतात. टायरच्या खाचेत खडी अडकली की टिकटिक येते. स्क्रूड्रायव्हरने काढली की संपलं. मात्र खिळा असेल तर तिथेच उपसू नका, पंक्चरवाल्याकडे जा. डिस्कमागच्या पातळ पत्र्याला ठेचकाळून वाक आला, किंवा आत खडा गेला, तर खर्रर्र असा भीतीदायक आवाज येतो आणि पत्रा सरळ केला की जातो. पावसात किंवा बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पहिले चार-पाच ब्रेक घासल्यासारखे लागतात, मग गंज निघून जातो. उभं राहून चपटा झालेला टायर पहिले काही किलोमीटर धप-धप करतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. बऱ्याच किलोमीटरनंतरही धपधप गेली नाही, स्टिअरिंग हलतंय, तर टायर फुगलाय का ते सगळीकडून हात फिरवून बघा. गळवासारखा फुगवटा लागला तर त्या टायरवर घरी यायचं नाही.

गतिरोधकावरच फक्त खडखड येते, सपाट रस्त्यावर नाही, तर ते चाकाचं फिरणं नव्हे. लिंक रॉड, बुश, शॉकअप यांचं काम. करायला हवं, पण त्यावर भाव पाडता येतो. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी म्हणजे बऱ्याचदा पॅड संपत आल्याची सूचना. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे पॅड संपले. तेव्हा थांबा.

गॅरेजमध्ये बोलताना

हे सगळं कागदावर हवं. गटाच्या वहीत एक पान काढून असं लिहा : ‘घुमघुम. चाळीसनंतर सुरू, साठला जास्त. न्यूट्रलमध्ये राहते. डावीकडे वळताना वाढते. ब्रेकने फरक नाही. पुढून उजवीकडून येते असं दोघींना वाटलं.’ एवढं वाचून दाखवलं की मेकॅनिकचा चेहरा बदलतो. “गाडी आवाज करते हो” असं सांगितलं की तो तुमच्याकडे न बघता सोबतच्या भावाला विचारतो, “काय झालंय दादा?” हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी अनुभवलंय. तिथे रागावून उपयोग नाही. वही पुढे करायची.

मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. एकाच दिवशी दोन ठिकाणी दाखवा आणि पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. दोघांचं म्हणणं जुळलं तर दुरुस्तीचा खर्च सामान आणि मजुरी वेगळी करून लिहून घ्या आणि तो कागद घेऊन भावाला बसा. “आवाज येतो, काहीतरी कमी करा” याला विकणारा हजार-दोन हजार सोडतो. “उजवं पुढचं बेअरिंग आणि दोन टायर, हा दोन गॅरेजचा आकडा” याला त्याच्याकडे उत्तर नसतं. आगाऊ रक्कम या सगळ्याच्या आधी देऊ नका. “दुसरं गिऱ्हाईक उद्या येणार आहे” असं प्रत्येक जण सांगतो. येऊ दे.

दिराने किंवा मामेभावाने गाडी सुचवली असेल तर तपासणीची गोष्ट काढायला संकोच वाटतो. नात्यात कशाला अविश्वास, असं. त्यावर माझं मत असं की पैसे गटाचे आहेत हे सरळ सांगावं आणि ठरावच तसा करून न्यावा : दोन सभासदांनी चालवून, दोन मेकॅनिकचं लेखी घेऊनच व्यवहार. मग नकार तुमचा नसतो, ठरावाचा असतो.

परत येताना

गाडी घेतली आणि रात्रीच निघालात, असं करू नका. सकाळी निघा. निघण्यापूर्वी चारही चाकांचे नट पान्याने आवळून बघा, समोरासमोरचे आळीपाळीने. टायरची अदलाबदल करून बघितली असेल, पंक्चर काढला असेल, तर हे विसरायचंच नाही. ढिल्या नटांचा आवाज हळू वेगात खडखड असा येतो, स्टिअरिंग डुलतं. दुरुस्ती फुकट आहे आणि दुर्लक्ष केलं तर चाक निघून जातं. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा. पेणच्या आसपास चहाला थांबाल तेव्हा पाना बाहेर काढा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना गाडीत खरोखर आहे का, हेही मुंबईतच बघून घ्या.

त्याच थांब्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, भाजेल. नुसती जवळ न्या. पुढची दोन साधारण सारखी गरम आणि मागची दोन सारखी गरम असायला हवीत. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं, जळका वास, तर ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. ते गार होईपर्यंत थांबा आणि तिथल्याच मेकॅनिकला बोलवा. “पुढे महाडला बघू” म्हणून कशेडीकडे निघायचं नाही. थंड पाणीही ओतायचं नाही, तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो. गाडी ओढून न्यायला लागली तर मागच्या चाकांच्या गाडीत आणि पुढच्या चाकांच्या गाडीत ओढायची पद्धत वेगळी असते. टोईंगवाल्याला गाडीचं नाव आधीच फोनवर सांगा.